विनोदी नटाचा जोडीदार ते सूत्रसंचालक : निकोलस पार्सन्स यांच्या नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील कारकिर्दीचा परिचय

सारांश

निकोलस पार्सन्स (१९२३–२०२०) हे ब्रिटिश नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील एक दीर्घायुषी सूत्रसंचालक होत. बीबीसी रेडिओ ४ वरील 'जस्ट अ मिनिट' या कार्यक्रमाचे अध्यक्षपद त्यांनी १९६७ पासून २०१९ पर्यंत सांभाळले. त्यांची घडण मात्र विनोदी रंगभूमीवर, आणि तीही मुख्य विदूषकाच्या नव्हे तर त्याच्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभ्या राहणाऱ्या जोडीदाराच्या भूमिकेत झाली. या भूमिकेतून त्यांनी कमावलेली कौशल्ये सूत्रसंचालनात कशी उपयोगी पडली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतीय महाविद्यालयांत 'जॅम' या नावाने खेळली जाणारी स्पर्धा याच कार्यक्रमाशी नाते सांगणारी असल्यामुळे हा विषय अध्यापकवर्गालाही जवळचा ठरावा.

बीजसंज्ञा : नभोवाणी, सूत्रसंचालन, विनोद, जस्ट अ मिनिट, पुनरुक्ती, वक्तृत्व

प्रस्तावना

संस्कृत नाट्यपरंपरेत सूत्रधार आणि विदूषक ही दोन स्वतंत्र पात्रे आहेत. एकाकडे प्रयोगाची सूत्रे असतात, तर दुसऱ्याकडे हशा असतो. आधुनिक प्रसारमाध्यमांत मात्र या दोन भूमिकांमधील अंतर पुष्कळ कमी झालेले दिसते. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील अनेक नामवंत सूत्रसंचालक मूळचे विनोदी नट होते. अमेरिकेतील ग्राउचो मार्क्स हे याचे ठळक उदाहरण होय. चित्रपटांतील विनोदवीर म्हणून प्रसिद्ध झालेले मार्क्स १९४७ पासून नभोवाणीवर आणि १९५० पासून दूरचित्रवाणीवर प्रश्नमंजूषेचे संचालन करू लागले. तथापि त्यांचा कार्यक्रम हा प्रामुख्याने त्यांच्याच विनोदाचा कार्यक्रम होता. स्पर्धक हे त्या विनोदाचे निमित्त होते.

निकोलस पार्सन्स यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्यांच्या कार्यक्रमांत हशा बहुतांशी इतरांच्या वाट्याला गेला. अनेकदा तो त्यांच्यावरच झाला. असे असूनही त्यांच्याविना तो कार्यक्रम उभा राहिला असता की नाही, अशी शंका यावी इतके त्यांचे स्थान मध्यवर्ती होते. स्वतः मागे राहून इतरांना पुढे आणणाऱ्या माणसाचे श्रेय कसे मोजावे, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने उपस्थित होतो. ज्यांचा व्यवसायच इतरांना बोलते करण्याचा आहे, त्यांनी या प्रश्नाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

पूर्वायुष्य व जडणघडण

पार्सन्स यांचा जन्म १० ऑक्टोबर १९२३ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील ग्रँथम या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांचाही जन्म याच गावातला, १९२५ मधला. पार्सन्स यांचे शालेय शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स विद्यालयात झाले. बालपणी त्यांना तोतरेपणाचा त्रास होता. ते जन्मतः डावखुरे होते. परंतु तत्कालीन रीतीप्रमाणे त्यांना उजव्या हाताने लिहिण्यास भाग पाडण्यात आले. शिवाय त्यांना वाचनाचीही अडचण होती. आज तिला 'डिस्लेक्सिया' या नावाने ओळखतात. त्या काळी शाळांमधून तिचे निदान होत नसे. ज्या माणसाने पुढे पन्नासहून अधिक वर्षे इतरांच्या अडखळण्याचा न्यायनिवाडा केला, तो स्वतः लहानपणी बोलताना अडखळत असे, ही बाब लक्षणीय आहे.

नाटकात काम करण्याची त्यांची इच्छा घरच्यांना मान्य नव्हती. रंगभूमी म्हणजे बेभरवशाचा व चारित्र्याला धोका असलेला व्यवसाय, अशी त्या वर्गातील कुटुंबांची सर्वसाधारण समजूत होती. मुलाला यंत्रे दुरुस्त करण्याची आवड आहे, एवढ्यावरून त्याने अभियंता व्हावे असे ठरले. त्यानुसार स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे पाण्याचे पंप तयार करणाऱ्या कारखान्यात त्यांनी पाच वर्षे उमेदवारी केली. त्या काळात ग्लासगो विद्यापीठातही त्यांचे काही शिक्षण झाले. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. सुशिक्षित डॉक्टरांच्या घरातून आलेल्या या तरुणाला जहाजबांधणीच्या परिसरातील कामगारांमध्ये स्थान मिळवायचे होते. नकला करण्याचे अंग तेथे त्यांच्या उपयोगी पडले. याच सुमारास नवोदित कलावंतांना नभोवाणीवर संधी देणाऱ्या कॅरोल लेव्हिस यांच्या कार्यक्रमातून त्यांचा आवाज प्रथम श्रोत्यांपर्यंत पोहोचला.

उमेदवारी संपल्यावर त्यांनी अभियांत्रिकीचा मार्ग सोडला. १९४५ मध्ये 'द हेस्टी हार्ट' या नाटकातून लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचे पदार्पण झाले. त्यानंतर ब्रॉमली येथील नाट्यसंस्थेत त्यांनी काम केले. ठरावीक मुदतीनंतर नवे नाटक बसविणाऱ्या अशा संस्थांत एका नाटकाचे प्रयोग चालू असतानाच पुढच्या नाटकाच्या तालमी चालत. पाठांतर, वेळेचे भान आणि सहकलाकार चुकला असता प्रसंग सावरून नेण्याची सवय या शाळेत अंगी बाणते.

विंडमिल रंगमंदिर

१९५२ मध्ये पार्सन्स लंडनमधील विंडमिल रंगमंदिरात विनोदी नट म्हणून रुजू झाले. हे रंगमंदिर एका विशिष्ट कारणाने प्रसिद्ध होते. तेथे स्त्रियांची विवस्त्र पण निश्चल अशी दृश्ये सादर केली जात. हालचाल न करण्याच्या अटीवरच त्यांना सरकारी परवानगी होती. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात विनोदी नटाने प्रेक्षकांचे मनोरंजन करावे, अशी योजना असे. दिवसभरात अनेक खेळ होत आणि प्रेक्षक विनोदासाठी आलेले नसत. किंबहुना विनोदी नट कधी आटोपतो, याचीच ते वाट पाहत असत. पीटर सेलर्स, हॅरी सीकम्ब, जिमी एडवर्ड्स, टोनी हॅनकॉक असे पुढे नावारूपास आलेले अनेक विनोदी कलावंत या कठीण परीक्षेतून गेले. अनुत्सुक श्रोत्यांसमोर न खचता उभे राहण्याचे जे शिक्षण तेथे मिळत असे, त्याचे मोल कोणत्याही अध्यापकाला सहज कळण्यासारखे आहे.

गंभीर जोडीदाराची भूमिका

ब्रिटनमध्ये १९५५ साली व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि विनोदी कार्यक्रमांची मागणी एकाएकी वाढली. १९५६ पासून प्रक्षेपित झालेल्या 'द आर्थर हेन्स शो' या कार्यक्रमातून पार्सन्स देशभर परिचित झाले. आर्थर हेन्स हे श्रमिकवर्गीय ढंगाचे विनोदी नट होते. कोटावर पदकांच्या रांगा मिरविणारा, आपल्या हक्कांविषयी विलक्षण जागरूक असलेला भटक्या हे त्यांचे गाजलेले पात्र होय. जॉनी स्पेट या लेखकाने लिहिलेल्या प्रवेशांत हा भटक्या कधी सरकारी कचेरीत, कधी डॉक्टरकडे, तर कधी एखाद्या प्रतिष्ठिताच्या घरी जाऊन धडके. त्याच्यासमोर असलेला नीटनेटका, सुसंस्कृत, नियमांवर विश्वास ठेवणारा आणि हळूहळू धीर सुटत जाणारा गृहस्थ म्हणजे पार्सन्स.

या भूमिकेसाठी मराठीत रूढ असा एक शब्द नाही. तमाशातील सोंगाड्यासमोर उभा राहून त्याला प्रश्न विचारणारा, त्याच्या उत्तरांनी चकित होणारा सरदार डोळ्यांसमोर आणला तर या भूमिकेची कल्पना येऊ शकते. तिचे कार्य प्रामुख्याने तीन प्रकारचे असते. पहिले कार्य म्हणजे वास्तवाची पातळी राखणे. समोरचा माणूस सामान्य शहाणपणाने वागला तरच विदूषकाचे वागणे विचित्र वाटते. दोघेही विचित्र वागू लागले तर विनोदाला आधारच उरत नाही. दुसरे कार्य म्हणजे वेळ राखणे. प्रश्न केव्हा विचारायचा, हशा ओसरेपर्यंत किती थांबायचे आणि पुढचे वाक्य नेमके केव्हा टाकायचे, हे जोडीदाराच्या हाती असते. तिसरे कार्य म्हणजे ऐकणे. पाठ केलेले वाक्यही आताच कानी पडल्यासारखे ऐकावे लागते आणि त्याची प्रतिक्रिया चेहऱ्यावर उमटावी लागते.

या कार्याचा मोबदला मात्र विषम असतो. प्रेक्षक विदूषकाचे नाव घेत घरी जातात. त्याला हसे मिळावे म्हणून ज्याने प्रत्येक क्षण मोजला, त्याच्या वाट्याला 'साहाय्यक' हे विशेषण येते. हेन्स व पार्सन्स ही जोडी १९६६ पर्यंत टिकली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये हेन्स यांचे निधन झाले. पुढे बेनी हिल यांच्या कार्यक्रमांतूनही पार्सन्स यांनी अशाच भूमिका केल्या. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'द स्ट्रेट मॅन' म्हणजे 'गंभीर जोडीदार' असे नाव दिले, यावरून या भूमिकेचे त्यांच्या लेखी असलेले महत्त्व ध्यानात येते. जगाने दुय्यम मानलेली भूमिका त्यांनी स्वतःची ओळख म्हणून स्वीकारली.

'जस्ट अ मिनिट'चा जन्म

'जस्ट अ मिनिट'ची कल्पना इयन मेसिटर यांची होती. शेरबोर्न येथील शाळेत असताना वर्गात लक्ष नसल्याबद्दल इतिहासाच्या शिक्षकांनी त्यांना पकडले आणि गेल्या मिनिटभरात शिकविलेले सर्व न अडखळता व पुनरुक्ती न करता सांगण्याचा हुकूम केला, अशी या कल्पनेच्या उगमाची हकीकत सांगितली जाते. शिक्षेतून खेळ निर्माण झाल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल. मेसिटर यांनी १९५० च्या दशकात याच धर्तीवर 'वन मिनिट प्लीज' नावाचा कार्यक्रम केला होता. पुढे नियमांची फेरमांडणी करून त्यांनी तो नव्या नावाने बीबीसीसमोर ठेवला.

अध्यक्षपदासाठी प्रथम जिमी एडवर्ड्स यांचा विचार झाला होता. पार्सन्स यांना स्पर्धक म्हणून भाग घ्यायचा होता. ठरलेल्या वेळी एडवर्ड्स उपलब्ध नसल्याने चाचणीच्या कार्यक्रमापुरते अध्यक्षपद पार्सन्स यांच्याकडे आले. हा पहिला प्रयोग बीबीसीतील वरिष्ठांना विशेष पसंत पडला नाही. निर्माते डेव्हिड हॅच यांनी मात्र आग्रह धरला आणि कार्यक्रमाला मालिकेची संधी मिळवून दिली. २२ डिसेंबर १९६७ रोजी पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्यात डेरेक निमो, क्लेमंट फ्रॉइड, बेरिल रीड व विल्मा एवर्ट हे स्पर्धक होते. रेडिओ ४ ही वाहिनी तेव्हा त्या नावाने सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. शोपँ यांच्या 'मिनिट वॉल्ट्झ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेची सुरावट कार्यक्रमाची ओळख बनली.

मिशाळ, गरजणाऱ्या मुख्याध्यापकाची भूमिका एडवर्ड्स यांनी दूरचित्रवाणीवर गाजविली होती. ते अध्यक्ष झाले असते तर विनोदाचे केंद्र अध्यक्षाच्या खुर्चीत गेले असते, असा तर्क करता येतो. पार्सन्स यांच्यामुळे ते स्पर्धकांकडे राहिले.

खेळाचे नियम व अध्यक्षाचे कार्य

खेळाचे स्वरूप वरकरणी अत्यंत सोपे आहे. चार स्पर्धक असतात. अध्यक्ष एकाला विषय देतो. त्याने त्या विषयावर न अडखळता, पुनरुक्ती न करता आणि विषयांतर न करता साठ सेकंद बोलायचे असते. इतर तिघांपैकी कोणालाही नियमभंग झाल्यासारखे वाटल्यास तो घंटी वाजवून आक्षेप घेतो. आक्षेप ग्राह्य ठरल्यास आक्षेपकाला गुण मिळतो आणि उरलेल्या सेकंदांसाठी विषय त्याच्याकडे जातो. आक्षेप फेटाळला गेल्यास गुण बोलणाऱ्याला मिळतो आणि तोच पुढे बोलतो. मिनिट संपल्याची शिटी वाजते त्या क्षणी जो बोलत असेल त्यालाही गुण मिळतो. दिलेल्या विषयातील शब्द पुन्हा वापरण्याची मुभा असते.

हा खेळ कठीण का आहे, हे समजण्यासाठी स्वाभाविक भाषणाकडे पाहावे लागते. माणूस बोलताना थांबतो, शब्द शोधतो, आधीचे शब्द पुन्हा घेतो आणि एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. हे दोष नसून विचार करण्यासाठी वेळ मिळविण्याचे ते मार्ग आहेत. खेळाचे तीन नियम नेमके हे तीनही मार्ग बंद करतात. शिवाय ते एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. पुनरुक्ती टाळण्यासाठी नवा शब्द शोधावा तर अडखळण्याची भीती, आणि अडखळू नये म्हणून तोंडाला येईल ते बोलावे तर विषयांतर होण्याची भीती. या कोंडीत सापडलेला बुद्धिमान माणूस जी धडपड करतो, तीतून विनोद निर्माण होतो. त्यासाठी संहिता लागत नाही, नेपथ्य लागत नाही. अत्यल्प साधनांत चालणारा हा कार्यक्रम नभोवाणीच्या प्रकृतीला विशेष मानवला, याचे एक कारण हेही आहे.

तिन्ही नियमांचा अर्थ लावण्याचे काम अध्यक्षाचे असते आणि तेथेच खरी अडचण सुरू होते. श्वास घेण्यासाठी थांबणे आणि अडखळणे यांतील सीमा कोठे आखावी? उभयान्वयी अव्यये, सर्वनामे यांसारख्या लहान शब्दांची पुनरुक्ती धरावी काय? प्रत्यक्षात असे शब्द सहसा सोडून दिले जात. पण 'बीबीसी' या नावातील 'बी' दोनदा आला, असाही आक्षेप येई. नियम अक्षरशः लावले तर कोणालाही चार वाक्ये बोलता येणार नाहीत, आणि अगदीच सैल सोडले तर खेळात अर्थ उरणार नाही. पार्सन्स यांनी या दोन टोकांमधला मार्ग पत्करला. संशयाचा फायदा ते कधी बोलणाऱ्याला देत, कधी आक्षेपकाला, आणि कोणाला मागच्या वेळी तो मिळाला होता हे लक्षात ठेवून पुढचा निर्णय देत. अगदीच पेच पडला तर सभागृहातील श्रोत्यांचा कौल घेत. आक्षेप चुकीचा पण गमतीदार असेल तर श्रोत्यांच्या हशाबद्दल आक्षेपकाला जादा गुण देण्याची प्रथाही त्यांनी जोपासली.

येथे गंभीर जोडीदाराची तिन्ही कार्ये पुन्हा दिसतात. केनेथ विल्यम्स हे निर्णय विरुद्ध गेला की थयथयाट करीत, स्वर लांबवीत, अध्यक्षांच्या लायकीवरच प्रश्नचिन्ह उभे करीत. क्लेमंट फ्रॉइड जिंकण्यासाठी खेळत आणि अखेरच्या दोन-तीन सेकंदांत आक्षेप घेऊन गुण मिळवीत. डेरेक निमो प्रवासाच्या गोष्टी रंगवीत, तर पीटर जोन्स शांतपणे एखादेच तिरकस वाक्य टाकीत. या चौघांच्या चार तऱ्हा उठून दिसल्या, कारण मधल्या खुर्चीतला माणूस नियमांची सभ्य बाजू शेवटपर्यंत सोडत नव्हता. तो स्वतः थट्टेचा विषय होई; पण थट्टा करणाऱ्याचे गुण त्यामुळे कमी होत नसत. निर्णयाचा अधिकार हाती असूनही अपमानाचा सूड न घेणे, हा अध्यक्षपदाचा कदाचित सर्वांत अवघड भाग असावा. सुरुवातीच्या काळात काही भागांत पार्सन्स यांनी खुर्ची सोडून स्पर्धक म्हणूनही भाग घेतला होता. बोलणाऱ्यावर येणारा ताण त्यांना अनुभवाने ठाऊक होता.

विल्यम्स १९८८ मध्ये, निमो १९९९ मध्ये, जोन्स २००० मध्ये आणि फ्रॉइड २००९ मध्ये निवर्तले. प्रत्येक वेळी हा कार्यक्रम आता संपेल, असे वाटण्यासारखी स्थिती होती. विल्यम्स यांच्यानंतरच्या काळात पॉल मर्टन आणि त्यांच्या पिढीतील विनोदी कलावंत कार्यक्रमात आले. त्यांची कल्पनाशक्ती अधिक स्वैर, बोलण्याची पद्धत वेगळी आणि सामाजिक पार्श्वभूमीही निराळी होती. अध्यक्ष तेच राहिले. आपल्याहून तीस-चाळीस वर्षांनी लहान असलेल्यांच्या विनोदाला जागा करून देण्याची तयारी त्यांच्यात होती, म्हणून हा बदल निभावला.

दूरचित्रवाणीवरील प्रतिमा

सर्वसामान्य ब्रिटिश प्रेक्षकाला पार्सन्स यांचा चेहरा परिचित झाला तो प्रामुख्याने 'सेल ऑफ द सेंच्युरी' या प्रश्नमंजूषेमुळे. मूळच्या अमेरिकी कार्यक्रमाची ही ब्रिटिश आवृत्ती अँग्लिया टेलिव्हिजन ही संस्था नॉर्विच येथून १९७१ ते १९८३ या काळात प्रक्षेपित करीत असे. बरोबर उत्तरांतून मिळालेल्या रकमेतून स्पर्धकाला घरगुती वस्तू अत्यल्प किमतीत विकत घेता येत. कार्यक्रम अत्यंत लोकप्रिय झाला. परंतु या लोकप्रियतेला दुसरी बाजू होती. नेटका ब्लेझर घातलेला, अतिविनम्र, वस्तूंची वाखाणणी करणारा सूत्रसंचालक अशी पार्सन्स यांची एकसुरी प्रतिमा तयार झाली आणि ती नकलाकारांच्या हाती पडली. नट म्हणून केलेले त्यांचे पूर्वीचे काम या प्रतिमेमागे झाकले गेले.

या प्रतिमेशी भांडण्याऐवजी पार्सन्स यांनी तिचाच उपयोग करून घेतला. १९८८ मध्ये चॅनल ४ वर प्रक्षेपित झालेल्या 'मिस्टर जॉली लिव्ह्ज नेक्स्ट डोअर' या विनोदी चित्रपटात त्यांनी निकोलस पार्सन्स हीच भूमिका केली. त्यातील कथानक इंग्रजीतील एका शब्दप्रयोगावर आधारलेले आहे. एखाद्याला 'बाहेर घेऊन जाणे' याचा दुसरा अर्थ त्या भाषेत 'ठार करणे' असा होतो. भाडोत्री मारेकऱ्यासाठी असलेला निरोप शेजारच्या दोन उडाणटप्पूंच्या हाती पडतो आणि ते पार्सन्स यांना मौजमजेसाठी बाहेर नेतात. प्रस्थापित सभ्यतेची टर उडविणाऱ्या तरुण विनोदकारांच्या या कृतीत ते आनंदाने सहभागी झाले. पुढच्याच वर्षी 'डॉक्टर हू' या मालिकेच्या 'द कर्स ऑफ फेन्रिक' या कथेत श्रद्धा डळमळलेल्या धर्मगुरूची भूमिका करून आपण गंभीर नटही आहोत, हे त्यांनी दाखवून दिले.

'जस्ट अ मिनिट' दूरचित्रवाणीवर आणण्याचे प्रयत्नही झाले. १९९४–९५ मध्ये आयटीव्हीवर आणि १९९९ व २०१२ मध्ये बीबीसीवर त्याच्या मालिका प्रक्षेपित झाल्या. त्यांपैकी कोणतीही नभोवाणीवरील मूळ कार्यक्रमासारखी टिकली नाही. हा खेळ ऐकण्याचा आहे. श्रोता स्वतः मनातल्या मनात आक्षेप घेत असतो, पुनरुक्ती पकडत असतो. डोळ्यांना काम मिळाले की कानांचे काम सैलावते, हे या मर्यादित यशाचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

शैक्षणिक क्षेत्राशी संबंध

१९८८ ते १९९१ या काळात पार्सन्स स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे रेक्टर होते. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत हे पद विद्यार्थ्यांच्या मतांनी भरले जाते आणि विद्यार्थ्यांचे म्हणणे विद्यापीठाच्या कारभारापर्यंत पोहोचविणे हे त्या पदाचे कार्य असते. याच विद्यापीठात पूर्वी जॉन क्लीझ आणि नंतर क्लेमंट फ्रॉइड यांनीही हे पद भूषविले. विनोदी कलावंताला विद्यार्थी आपला प्रतिनिधी निवडतात, ही गोष्ट वरकरणी थट्टेची वाटली तरी तीत तथ्य आहे. सर्वांना बोलू देणारा माणूस त्यांना त्या जागी हवा असतो.

भारताशी या कार्यक्रमाचा संबंध अधिक थेट आहे. येथील महाविद्यालयीन महोत्सवांतून 'जस्ट अ मिनिट' ही स्पर्धा 'जॅम' या संक्षिप्त नावाने कित्येक वर्षे खेळली जात आहे. तिचे भारतीय रूप काहीसे वेगळे आहे. व्याकरणाच्या चुकांवरही आक्षेप घेता येतो आणि सूत्रे 'जॅम मास्टर' नावाच्या तिखट जिभेच्या संचालकाकडे असतात. २०१२ मध्ये बीबीसीने या कार्यक्रमाच्या दोन भागांचे ध्वनिमुद्रण मुंबईतील कॉमेडी स्टोअर येथे केले. पॉल मर्टन व मार्कस ब्रिगस्टॉक यांच्यासह सायरस ब्रोचा व अनुवाब पाल हे भारतीय कलावंत त्यात सहभागी झाले होते. पार्सन्स तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

भारतातील 'जॅम' हा मुख्यत्वे इंग्रजीत खेळला जाणारा खेळ राहिला आहे. तो मराठीत खेळायचा झाल्यास नियमांचा पुन्हा विचार करावा लागेल. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते. त्यामुळे 'आहे' आणि 'होते' यांची पुनरुक्ती दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच अटळ ठरते. त्याहून नाजूक प्रश्न अभ्यस्त शब्दांचा आहे. 'हळूहळू', 'घरोघरी', 'पुन्हा पुन्हा' यांसारख्या शब्दांत पुनरावृत्ती हाच अर्थाचा भाग असतो. तिला दोष मानावे काय? 'पाऊसबिऊस', 'चहाबिहा' अशा रूपांचे काय करावे? या प्रश्नांची उत्तरे केवळ नियमपुस्तिकेत सापडणार नाहीत. ती भाषेची जाण असलेल्या आणि उदार मनाच्या अध्यक्षालाच द्यावी लागतील. वर्गात हा खेळ घेतल्यास विद्यार्थ्यांच्या शब्दसंग्रहाला व्यायाम मिळेलच. शिवाय अध्यक्षाच्या खुर्चीत आळीपाळीने विद्यार्थ्यांना बसविल्यास न्याय देताना ऐकावे किती लागते, याचाही अनुभव त्यांना येईल. बोलताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला हसण्याचे साधन म्हणून मात्र हा खेळ वापरला जाऊ नये. अडखळणाऱ्या मुलाला पुढे येण्यासाठी काय लागते, याची साक्ष पार्सन्स यांचे चरित्रच देते.

समारोप

पार्सन्स यांना २००४ मध्ये 'ओबीई' आणि २०१४ मध्ये 'सीबीई' हे सन्मान मिळाले. प्रारंभापासून पन्नास वर्षे ते 'जस्ट अ मिनिट'च्या प्रत्येक भागात उपस्थित होते. २०१८ मध्ये प्रथमच ते अनुपस्थित राहिले आणि त्या वेळी जाइल्स ब्रँड्रेथ यांनी त्यांची जागा घेतली. २०१९ मध्ये त्यांनी अखेरच्या वेळी हे काम केले. २८ जानेवारी २०२० रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नऊशेहून अधिक भाग त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. पुढे २०२१ मध्ये स्यू पर्किन्स यांच्याकडे अध्यक्षपद कायमस्वरूपी सोपविण्यात आले आणि कार्यक्रम चालू राहिला.

या कारकिर्दीच्या परिचयातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, सूत्रसंचालन हे विनोदी कलेचे उपांग नसून तीच कला वेगळ्या प्रमाणात वापरण्याचा प्रकार आहे. वेळेचे भान, ऐकण्याची सवय आणि वास्तवाची पातळी राखण्याची शिस्त या गोष्टी रंगमंचावरून ध्वनिक्षेपकाकडे जशाच्या तशा नेता येतात. दुसरा असा की, नियमांचा कडकपणा आणि खेळकरपणा परस्परविरोधी नाहीत. नियम सर्वांना ठाऊक असतील आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस निःपक्षपाती आहे असा विश्वास असेल, तरच लोक मोकळेपणाने बोलतात व हसतात. तिसरा निष्कर्ष श्रेयासंबंधीचा आहे. हेन्स, विल्यम्स, फ्रॉइड, मर्टन यांच्या विनोदाची चर्चा होत राहील. त्यांच्यासमोर बसून त्यांचे प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याचे नाव त्या चर्चेत बहुधा दुसऱ्या क्रमांकावर येईल. परंतु त्यांना बोलण्यासाठी निर्वेध साठ सेकंद मिळावेत, याची काळजी वाहणारा तोच होता. वर्गात, सभागृहात किंवा नभोवाणीच्या कक्षात चांगले बोलणे घडते तेव्हा त्यामागे असे कोणीतरी लक्षपूर्वक ऐकत बसलेले असते.